पाठीवरचा जोड

घट बसायला आठवडा राहिला की बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला गावोगावच्या वाकळा बाहेर येतात. नवरात्रात घरात पारोसं काही राहता कामा नये, म्हणून अंथरुणं-पांघरुणं एकदमच धुवायला निघतात. नीरा डाव्या कालव्याच्या काठाला, बोअरच्या हौदाशी, जिथे पाणी आणि एखादा सपाट दगड असेल तिथे. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून पीळ देतात, तिसरी मधे हात लावते, आणि मग ते धूड कुंपणाच्या तारेवर, बाभळीवर नाहीतर उभ्या ट्रॉलीच्या फाळक्यावर जाऊन पडतं. वाळत घालताना ती उलटी घालायची. वरचे रंग उन्हाने विटू नयेत म्हणून. त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला त्या आठवड्यात घराघरांच्या वाकळांची फक्त पाठ दिसते.

यंदाच्या अंकाचा विषय 'उलट बाजू' असा कळवताना संपादकांच्या डोक्यात बहुधा राजकारण असावं. बारामतीचं नाव निघाल्यावर दुसरं काय सुचणार? मी मात्र वाकळांच्या पाठी बघत हिंडले.

बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. पाठी दोन जातींच्या आहेत. एका जातीत मधोमध किंवा बाजूला जोड दिसतो. लुगड्याचे दोन काठ एकमेकांना भिडवून शिवलेले, हिरव्या अंगावर तांबड्या काठांचा दुहेरी पट्टा. दुसऱ्या जातीत जोड नाहीच. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच कापड, त्यावर परातीएवढाले गुलाब. पहिल्या जातीच्या वाकळा जुन्या, दुसऱ्या गेल्या काही वर्षांतल्या. मोठ्या पन्ह्याचं, म्हणजे चादरीसाठी रुंद विणलेलं कापड गावात पोचलं आणि पाठीवरचा जोड गेला, एवढीच ही बातमी वाटते. पण त्या कापडाने पाठीपुरतं राहायचं नाकारलं, आणि लेखाला विषय मिळाला तो तिथे.

साडेचार हाताचे चार

सणसरच्या पुढे एका वस्तीवर ओसरीत बसलेल्या आजींकडे मला पाठवलं होतं. "त्यांच्या हातची वाकळ फाटत नाही," एवढी शिफारस पुरेशी होती. आजींनी आधी चहा दिला, मग माझी परीक्षा घेतली.

"लुगडं किती हाताचं?"

मी नऊ वार म्हटलं.

"मी हात इचारले."

वार म्हणजे तीन फूट, हात म्हणजे दीड. नऊ वारांचे अठरा हात. आजींचं सगळं गणित या अठराच्या आकड्यावर उभं आहे. अठरा हातांचे साडेचार हाताचे चार तुकडे पडतात, आणि साडेचार हात, म्हणजे पावणेसात फूट, ही माणसाच्या वाकळीची लांबी. दोन तुकडे शेजारी जोडले की खालची बाजू झाली, दोन जोडले की वरची. एका लुगड्यात जोडप्याच्या वाकळीचं अख्खं बाहेरचं अंग निघतं आणि चिंधीही उरत नाही. आत थर भरायला जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, पोरांचे सदरे असतातच. सोलापुरी चादर जुनी होऊन मऊ पडली की तिला आतल्या थरात फार मान.

"पण जोड मधी येऊ द्यायचा न्हाई," आजी म्हणाल्या. "पाठीच्या कण्याखाली गाठ टोचती. म्हाताऱ्या माणसाला झोप लागत न्हाई."

मग त्यांनी काय करायचं ते जमिनीवर बोटाने रेघा ओढून दाखवलं. दोन तुकड्यांपैकी एक अखंड मधे ठेवायचा. दुसरा उभा फाडून त्याचे दोन निम्मे भाग करायचे आणि एक एक दोन्ही बाजूंना लावायचा. फाडलेली कड आत घ्यायची, काठ बाहेर ठेवायचा. असं केलं की जोड दोन येतात खरे, पण दोन्ही कडेला सरकतात, एकट्या निजणाऱ्याच्या अंगाखाली येत नाहीत. शिवाय वाकळीच्या दोन्ही लांब कडांना लुगड्याचा काठ येतो. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट, आणि वाकळ झिजते ती आधी कडेलाच. वेगळी पट्टी लावायचं कामच राहत नाही.

ही युक्ती मी नंतर परदेशी गोधड्यांच्या पुस्तकांतही पाहिली. तिकडच्या बायकांनीही पाठीचा जोड मधून हटवायला हीच निम्म्यांची वाट काढली होती. त्यांच्याकडे काठ नव्हता, एवढाच काय तो फरक.

सहावारी साडीने हा हिशेब मोडला. ती सुमारे बारा हात भरते. साडेचाराचे दोन तुकडे निघतात आणि तीन हातांचा एक अपुरा तुकडा उरतो. खालची बाजू भागते, वरच्या बाजूला कापड पुरत नाही. मग वर ठिगळं आली, खणांचे तुकडे आले, पोरींच्या फ्रॉकची छापील फुलं आली. ठिगळकाम काही सहावारीने जन्माला घातलं नाही, ते गरिबीइतकंच जुनं आहे. पण ज्या घरात पूर्वी अख्ख्या लुगड्याची वाकळ व्हायची त्या घरातही तुकडे जोडायची वेळ आली ती या उरलेल्या तीन हातांमुळे, असं आजींचं मत. मला ते पटलं. सिंथेटिक साड्यांबद्दलचं त्यांचं मत छापण्याजोगं नाही. सुई सरकते, घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवर बसत नाहीत, एवढा त्यातला सभ्य भाग.

मागावरचा हात

लुगडं लांब मिळतं पण रुंद का मिळत नाही, याचं उत्तर मागावर आहे. हातमागावर बसलेला विणकर एका हाताने धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. कापडाची रुंदी त्याच्या दोन हातांच्या पल्ल्यात बसली पाहिजे. लांबीला असं बंधन नाही, ताणा पुरेल तिथपर्यंत विणत राहायचं. म्हणून आपल्याकडचं सगळं जुनं वस्त्र लांबट आहे. धोतर, उपरणं, पागोटं, लुगडं, सगळी एकाच बांध्याची. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीत येते तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. मेंढ्यांच्या रिंगणाला जमलेल्या गर्दीत या पायघड्यांकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. पालखीच्या वाटेला शोभेल असं, लांबच लांब आणि बेताच्या रुंदीचं कापड घरोघर तयार होतंच, आणि ते धोतर होतं.

रुंद कापड हवं तर युरोपातही एका मागावर दोन विणकर बसवावे लागत, एक इकडून धोटा फेकणार, दुसरा तिकडून. १७३३ साली जॉन के याने धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं. दोरीला हिसडा दिला की धोटा आपला आपण पलीकडे धावायचा, त्यामुळे रुंद कापडाला एक माणूस पुरू लागला. शाळेच्या इतिहासात ही ओळ आपण सगळ्यांनी औद्योगिक क्रांतीच्या धड्यात घोकली आहे. तिचा आपल्या पांघरुणाशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणी सांगितलं नाही.

साध्या यंत्रमागावरही पन्हा फार वाढत नव्हता. आता इचलकरंजी-भिवंडीकडे जुन्या मागांच्या जोडीला रॅपियर, एअरजेट असे बिनधोट्याचे रुंद माग चालतात. चादरीचं ९० इंची, १०८ इंची कापड ताग्यावर मिळणं ही त्यामुळे रोजची गोष्ट झाली. अमेरिकेत गोधडीसाठीचं सुती कापड ४२ ते ४४ इंची असतं, आणि खास पाठीसाठी म्हणून १०८ इंची कापड वेगळं विकलं जातं. आकडा तोच. बारामतीच्या बाजारात मात्र ते गोधडीसाठी म्हणून कुणी आणलेलं नाही. ते पलंगासाठी आलं आणि बायकांनी पळवलं.

काडेपेटी आणि मीटरपट्टी

बारामतीतल्या कापडाच्या दुकानात लांबी मीटरवर मोजतात, पन्हा इंचावर आणि भाव ठरतो तो गिऱ्हाइकाच्या चिकाटीवर. माझ्याबरोबर इंदापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई होत्या. गटाच्या गोधड्यांचं कापड त्याच घेतात. दुकानदाराने १०८ पन्ह्याचा तागा उलगडला आणि "प्युअर कॉटन" म्हणाला. ताईंनी कडेचा एक धागा ओढला, पर्समधून काडेपेटी काढली आणि धागा पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटावर घासली तर भुगा होतो. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसून त्याचा कडक मणी बनतो. इथे जळल्यावर टोकाला बारीकसा मणी राहिला. ताईंनी तो दुकानदाराच्या तळहातावर ठेवला. दुसरा तागा आला.

मग मोजमाप. एकट्याची गोधडी पाच बाय सात फुटांची, म्हणजे ६० बाय ८४ इंच. पाठीचं कापड चारी बाजूंनी दोन दोन इंच जास्त ठेवायचं, कारण टाके पडत जातात तसं कापड आत ओढलं जातं. म्हणजे ६४ बाय ८८ हवं. नवखी बाई ताग्याच्या लांबीतून ८८ इंच कापून घेते. तिच्या हाती बाजूला ४४ इंच रुंदीचा तुकडा उरतो. तो मोठा दिसतो, पण दुसऱ्या पाठीला पुरत नाही. ताई कापड आडवं घेतात. पन्ह्याच्या १०८ इंचांतून गोधडीची लांबी काढायची आणि ताग्यातून फक्त ६४ इंच कापायचं. दोन फूट कापड वाचतं. वर २० इंच रुंद आणि ६४ इंच लांब अशी पट्टी हाताशी उरते. याच पट्टीवर पुढचा सगळा खेळ आहे.

आडवं घेण्यात एक खोच आहे. चादरीवरचा छाप लांबीच्या दिशेने असतो. मोर असेल तर तो गोधडीवर आडवा निजतो. म्हणून ताई दिशा नसलेला छाप निवडतात, बारीक बुट्टी नाहीतर साधा रंग. रेघांचं कापड त्यांनी हातानेच बाजूला सारलं. "रेघ वाकडी गेली की टाका सरळ असला तरी वाकडा दिसतो."

दुकानातून आणलेलं कापड लगेच वापरायचं नाही. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच पसरायचं. आतले थर वर्षानुवर्षं धुतलेले असतात, त्यांना जेवढं आटायचं ते आटून गेलेलं असतं. पाठ कोरी लावली तर पहिल्या धुण्यातच ती आक्रसते आणि वरची बाजू फुगून तिला झोळ पडतात. कडेची गाठीव किनारही कापून टाकायची, ती अंगापेक्षा जास्त ओढते. म्हणजे लुगड्याचा काठ जपायचा आणि ताग्याची किनार फेकायची. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "मिलच्या कापडाला कुठला आलाय काठ!"

उरलेली पट्टी

गटाचं काम एका समाजमंदिराच्या फरशीवर चालतं. कापडं पसरून चार कोपऱ्यांना दगड, एका कोपऱ्याला चक्क वरवंटा. खाली पाठ, तिच्यावर थर, वर ठिगळांची बाजू. हाताने चापून सुरकुती काढतात, मग लांब लांब कच्चे टाके, आणि नंतर कडेकडेने आत येत धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर. शिवणारी गोधडीवरच बसलेली असते आणि शिवत शिवत सरकते, शेत पेरावं तशी.

वीस इंची पट्टी तोवर भिंतीशी घडी घालून पडलेली असते. तिचे अडीच अडीच इंचांचे आठ पट्टे निघतात. त्यांतले पाच जोडले की गोधडीचा घेर पुरा होतो आणि कडेला पाठीच्याच कापडाची मगजी बसते. मगजी वेगळ्या कापडाची असली की धुतल्यावर कधी रंग सोडते, कधी आटून कड गोळा करते. पाठ आणि मगजी एकाच ताग्याची असल्याने दोन्ही सारखंच वागतात. उरलेले तीन पट्टे वर जातात. ठिगळांच्या गोंधळात तोच रंग चार ठिकाणी दिसला की डोळा थांबतो, ही समज कुणी शिकवलेली नाही.

गटातल्या एका मावशींना मगजीचा हा खटाटोपच मान्य नाही. त्यांची रीत जुनी. पाठ चारी बाजूंनी चार बोटं मोठी ठेवायची, शेवटी ती वर उलटवायची, कच्ची कड आत दुमडायची आणि वरून टाका घालायचा. कोपरा करताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. आधी कोपऱ्याचं टोक आत मुडपून तिरपी घडी, मग एक बाजू वर, मग दुसरी. दोन घड्या जिथे भेटतात तिथे कोपऱ्यातून आत जाणारी एक तिरपी रेघ उमटते. त्या रेघेवर त्यांनी बारीक टाके घातले आणि नखाने दाबून बसवले. लुगड्याच्या पाठीने हे करता येत नसे, कारण चार बोटं सोडण्याइतकं कापडच नसायचं. मोठ्या पन्ह्याने जुन्या रीतीला हात दिला तो असा.

सगळ्यात उपयोगी काम मात्र मी गेल्या हंगामात भवानीनगरजवळ ऊसतोडीच्या कोप्यांवर पाहिलं होतं, तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. बीडकडून आलेली ही माणसं रानात ओल्या जमिनीवर निजतात. वाकळीची पाठ जमिनीला लागते आणि तीच आधी जाते, वरची बाजू धड असतानाही. एका बाईने फाटक्या पाठीवर मोठ्या पन्ह्याचं एकच कापड लावलं, चारी कडा वर उलटवल्या आणि मधे विरळ टाके मारले. एका दुपारचं काम. जुनी वाकळ तशीच आत राहिली, तिला नवं अंग मिळालं. जोड देत बसण्याएवढा वेळ आणि उजेड तिथे कुणाकडे आहे?

याच्या नेमकी उलट रीत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची. त्यांच्या कवंदीची, म्हणजे गोधडीची, पाठ म्हणजे एक साडी. ठिगळं वेगळी जोडून घेत नाहीत, साडीवरच कडेपासून ठेवत ठेवत मध्याकडे शिवत जातात आणि कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्यांची फुलं लावतात. तिथे पाठ आधी येते आणि वरचं सगळं तिच्यावर उगवतं. इंदापूरच्या बायका वरची बाजू आधी सजवतात, पाठ मागून शोधतात. मोठ्या पन्ह्याने हा क्रम हळूहळू फिरू लागला आहे. ताई आता आधी पाठीचं कापड घेतात, आणि त्या रंगाला कोणती ठिगळं चालतील ते नंतर बघतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत टेक्स्टाईल पार्क झाल्यापासून शिवणकामाची कातरण तालुक्यात वजनावर मिळते, त्यामुळे ठिगळांना तोटा नाही. निवड करायची चैन परवडू लागली आहे.

मला स्वतःला दोन्ही बाजूंना अखंड कापडाची गोधडी आवडत नाही. तीही आता होते, वर एक चादर, खाली एक चादर, मधे थर आणि मशीनचे टाके. स्वस्त आणि टापटीप, पण मग ती रजईच झाली. मोठ्या पन्ह्याची खरी करामत त्याच्या उरलेल्या पट्टीत दिसते, आणि ही पट्टी पुन्हा लहान लहान होऊन ठिगळांत मिसळते तेव्हा.

शहराची फर्माईश

दर डिसेंबरला पुण्यात भीमथडी जत्रा भरते. बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ती भरवतो आणि बचत गटांच्या बायका हुरड्यापासून गोधडीपर्यंत सगळं घेऊन तिथे बसतात. गोधडीवाल्या बायकांना शहराची नाडी कळते ती तिथे.

पहिली फर्माईश डबल बेडची होती. गावात एवढी मोठी वाकळ कुणी शिवत नव्हतं, धुणार कोण? ९० बाय १०० इंचांच्या पाठीला ४४ पन्ह्याचं कापड म्हणजे तीन पट्टे आणि दोन जोड. १०८ पन्ह्यात ती सरळ निघते. पाठ अखंड आहे का हे गिऱ्हाईक उलटून बघायचं, जोड दिसला की भाव पाडायचं. जोड म्हणजे कापड कमी पडलं, असा शहराचा समज. मोठ्या पन्ह्याकडे गट वळला तो मुख्यतः याच धाकाने.

आता वारं फिरलं आहे. अलीकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाने पाठ उलटून बघितली, अखंड कापड पाहिलं आणि ही मशीनची दिसते म्हणून खाली ठेवली. दुसऱ्या बाईंना दोन्ही बाजूंनी ठिगळं हवी होती, "म्हणजे हाताची वाटते." त्यांनी आगाऊ पैसेही दिले.

ती ऑर्डर मी गेले तेव्हा फरशीवर पसरलेली होती. १०८ पन्ह्याचं कोरं कापड, भिजवून वाळवलेलं, त्याचे खडूने आखून तुकडे करणं चाललं होतं. कापायचे आणि तेच परत एकमेकांना जोडायचे, जोड दिसले पाहिजेत असे. मावशी कात्री चालवत होत्या आणि पुटपुटत होत्या. ताईंनी वहीत मजुरीचा हिशेब मांडला होता. जोडाच्या गोधडीला त्यांनी अखंड पाठीपेक्षा जास्त भाव लावला होता.

"एवढा जास्त कशाला?" मी विचारलं.

"कापायची मजुरी वेगळी, जोडायची वेगळी," ताई म्हणाल्या. "आणि चांगलं कापड फाडायला मावशींचा हात उठत नाही, त्याची वेगळी."